घोड्याचं तोंड आणि उरलेली भिंत

"ब्रह्मदेवाचा हात चुकेल, माझी टेप चुकणार नाही," असं टेलरमास्तर उठता-बसता सांगायचे. चाळीस वर्षांत गल्लीत एकाचीही पँट आखूड झाली नव्हती, त्यामुळे ऐकून घेण्यावाचून कुणाला गत्यंतर नव्हतं. वाचनालयाच्या भिंतीवर सगळ्या गल्लीनं मिळून दौडणारा घोडा रंगवायचं ठरलं, तेव्हा आखणीचं काम मास्तरांनी कुणाला विचारलंसुद्धा नाही, घेऊनच टाकलं.

शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी कागदावर घोडा काढून त्याचे वीस उभे पट्टे पाडून दिले. भिंत बरोबर वीस फूट. एका घराला एक पट्टा, फूटभर रुंद. मास्तर रोज लागतील तेवढेच पट्टे खडूनं आखून द्यायचे, शेपटीकडून तोंडाकडे. पाय झाले, पोट झालं, मान झाली. घोडा असा काही देखणा उतरत होता की लोक दुधाच्या पिशव्या हातात धरून बघत उभे राहायचे. मास्तरही उभे राहायचे, जरा पुढे.

उद्घाटनाच्या आदल्या सकाळी ते एकोणिसावा पट्टा आखायला गेले, तर भिंत उरली होती सहा इंच. आणि घोड्याचं अख्खं तोंड बाकी!

मास्तरांच्या बायकोनं एक पट्टा मोजला. "अहो, हा तेरा इंच आहे."

"असणारच. शिवणीला दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच नको सोडायला?"

"भिंत कोण शिवणार होतं?"

मास्तरांची चाळीस वर्षांची अब्रू सहा इंचांवर आली होती.

कोपऱ्यापलीकडची भिंत इस्त्रीवाल्यांच्या दुकानाची. मास्तरांनी शिवलेला एक सूट त्यांच्याकडे करपला, तेव्हापासून वर्षभर दोघांत बोलणं नव्हतं. पण उद्या चारचौघांत बिनतोंडाचा घोडा कसा दाखवायचा? मास्तर पाय ओढत गेले.

"दोन फूट भिंत हवी होती. घोड्याचं तोंड राहिलंय."

इस्त्रीवाल्यांनी इस्त्री उभी केली. "तुमचं माप, आणि चुकलं?"

मास्तर हळूच म्हणाले, "चुकलं."

इस्त्रीवाल्यांनी भिंतीलगतचं बाकडं ओढून बाजूला केलं. "धुऊन देतो लगेच. डोळा तेवढा प्रेमळ काढा, दिवसभर माझ्याकडेच बघणार आहे तो."

दुसऱ्या दिवशी उद्घाटन झालं. मान कोपऱ्यापर्यंत दौडत यायची आणि पलीकडे वळून घोडा थेट रस्त्यावर बघायचा. लोक या बाजूनं त्या बाजूला फेऱ्या मारत होते, पाहुण्यांना हात धरून नेत होते. सगळी गल्ली खुशीत होती. शेजारच्या वस्तीतल्या वाचनालयाचे अध्यक्ष प्रमुख पाहुणे होते, ते तर चाटच पडले.

"घोडा वळवायची कल्पना कुणाची?"

मास्तरांनी तोंड उघडायच्या आत इस्त्रीवाले म्हणाले, "यांची. मापाला यांच्यासारखा माणूस नाही."

सूट करपला तर करपला, माणूस सोन्यासारखा आहे, असं मास्तरांना मनापासून वाटलं.

"मग मास्तर, आमच्याकडेही तुम्हीच आखा," अध्यक्ष म्हणाले. "फक्त आमच्या भिंतीला वळण नाही हो. सरळ चोवीस फूट, आणि पुढे नुसतं मैदान."

मास्तरांनी गळ्यातली टेप नीट केली. इस्त्रीवाल्यांकडे बघायचं टाळलं.

"सव्वीस करून घ्या," ते म्हणाले. "पहिल्या धुण्यात भिंत जरा आटते."