रसूलचाचाचा तांब्या

रसूलचाचा मोटारीत शेजारच्या शिटावर माणूस बसू द्यायचे न्हाईत. तिथं काठोकाठ भरलेला तांब्या बसायचा. त्यो घिऊन चढावर जायाचं, पाणी सांडलं की माघारी यायचं आन् इंजन खोलायचं. म्या लगीन हून तामलवाडीत आले तवापास्नं ह्येच बघतीया.

मोटार लाल, उघडी, दोनच माणसांची. जहागीरदार पोलीस ॲक्शननंतर हैदराबादला गेले, जाताना ती आपल्या डायव्हरला, म्हंजे चाचांना, दिऊन गेले. सपाटीला अशी पळायची की कोंबड्या आवाजानंच कुडात घुसायच्या. पण हळू चालवली की आचके द्यायची, आन् चढाला बंद.

गावातली टवाळ पोरं पारावरनं इचारायची, "चाचा, आवंदा काय नवीन बसीवलं?"

"दो कार्बोरेटर निकाल्या. एकच बारका बसीवला."

"मग आता लई पळंल!"

"पळतंय तर कुत्रं बी. नीचे से जोर होना रे, हळू चालीत जोर!"

उठता-बसता ह्येच. माझी शाळा चौथीपातूर, मला काय कळतंय, पण धुणं वाळत घालताना रोज ऐकून पाठ झालं. बारक्या कार्बोरेटरच्या नळीतनं हवा जोरात शिरती, म्हणून हळू चालीत बी इंजन गुदमरत न्हाय. इंजनाचं वरचं झाकण, त्येला हेड म्हणत्यात, त्ये घासलं की जोर वाढतो, पण जास्त घासलं की इंजन ठोकाय लागतं. एकदा जास्त घासलं गेलं, तर चाचांनी घरात मयत झाल्यागत तोंड केलं. सासूबाई म्हणायच्या, "लोक मोटार पळवाय धडपडत्यात, आन् ह्ये येडं हळू चालवाय!"

मग त्या सकाळी माझ्या शकीची छाती उडाय लागली. तान्ही पोर, ओठ निळं पडलेलं. मालक सोलापुरात गिरणीत, एसटी निघून गेलेली, बैलगाडीनं तुळजापूर कवा यायचं? म्या पोरीला पदरात गुंडाळून पळतच गेले. चाचा नवं घासलेलं हेड आवळत बसले हुते.

"चाचा, दवाखाना, चाचा..."

त्यांनी पोरीकडं बघितलं. पाना हातातनं पडला.

"ह्ये हेड अजून घाटाला दाखीवलं न्हाय बेटी." भिताडाला टेकलेल्या जुन्या हेडाकडं एकदा बघितलं, पण बदलाय येळ कुठं हुता? त्यांनी तांब्या उचलला, पाणी लिंबाच्या बुडाला वतलं, रिकामा तांब्या मोटारीत पायाशी टाकला. "बस."

"अगं त्या येड्याच्या मोटारीत?" सासूबाई मागनं वरडल्या. "मारशील पोरीला!"

सपाटीला मोटार अशी सुटली की मलाच दम घेता यीना. खड्ड्याखड्ड्याला शकी कण्हत हुती. घाट लागला तशी म्या वरडले, "चाचा, हळू! सोसंना तिला!"

चाचांचं तोंड पांढरंफटक पडलं. त्यांनी मोटार हळू केली, इतकी की कडंची शेरडं आमच्या पुढं गेली. आता बंद पडती, म्हणून म्या डोळं गच्च मिटलं. मोटार घुरघुरत ऱ्हायली. आचका न्हाय, ठोका न्हाय. चढत ऱ्हायली.

एका वळणावर चाचा समोर बघतच बोलले, "माझी बायको, अमीना, ती बी ह्याच घाटात हळू म्हणली हुती. बाळंतपणाला नेत हुतो. हळू घेतली तर बंद पडं, पळवली तर ती वरडं." सडकंच्या कडंला बोट करून म्हणले, "हितपातूरच आली, फुडं न्हाय."

म्या शकीला आणखीच आवळलं.

दवाखान्यात सुई दिली. सांजंला तिनं अंगावर तोंड लावलं, तवा कुठं म्या तिला निजवून उठले. बाहीर आले तर चाचा अजून तिथंच, मोटारीपाशी. रिकाम्या शिटावर तळवा फिरवत, वलं लागतंय का बघत हुते.

"सांडलं न्हाय ना बेटी?"

"न्हाय चाचा. थेंब बी न्हाय."

त्यांनी मान हलीवली; आम्हा मायलेकींना रातभर तिथंच ऱ्हायचं हुतं, म्हणून एकट्यानंच मोटार चालू केली. तांब्या पायाशी आडवाच पडला हुता, त्यो उचलला न्हाय. म्या दारातनं बघत हुते; सडक मोकळी, शेजारी कुणी न्हाय, तरी त्या शिटावर हात ठिऊन हळू, लई हळू घाट उतरत गेले.