आबा हात वर करेनात

साडेअकराला रेणुकाचे नऊ आलेख पूर्ण झाले. दहाव्यासाठी कोंडाजी आबा खुर्चीत येऊन बसले, त्यांनी कानांवर हेडफोन चढवून घेतले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून टाकले.

“आबा, कानात पीं असा आवाज येईल. कितीही बारीक असू दे, आला की हात वर करायचा,” रेणुकाने त्यांच्या तोंडासमोर वाकून मोठ्याने चौथ्यांदा सांगितलं.

“न्हाई,” आबा म्हणाले.

“आवाज येत नाही?”

“हात वर करायचा न्हाई.”

रेणुकाने घड्याळाकडे पाहिलं. ती पुण्याच्या कॉलेजात ऑडिऑलॉजीच्या, म्हणजे कान तपासण्याच्या शास्त्राच्या, एम.एस्सी.ला शेवटच्या वर्षाला होती आणि टाकवे बुद्रुकच्या ग्रामपंचायतीच्या सभागृहात चाललेलं हे शिबिर ही तिची परीक्षा होती. एक वाजेपर्यंत दहा जणांच्या कानांचे दहा बिनचूक आलेख हवे होते. बेहेरे मॅडम येऊन त्यातला कुठलाही एक उचलणार आणि त्या माणसाला स्वतः तपासणार. मॅडमना कान्हे स्टेशनला उतरायचं होतं. कानाच्या परीक्षेला कान्हे, हा शुभशकुन म्हणावा की टोमणा, यावर रेणुकाने रात्री अर्धी झोप घालवली होती.

ही परीक्षा ती दुसऱ्यांदा देत होती. गेल्या सत्रात लोणावळ्याच्या शिबिरात तिने वलवणच्या एका चिक्कीवाल्याला दोन्ही कानांनी ठार बहिरा ठरवलं होतं. हेडफोनची वायर यंत्राला जोडायचीच राहून गेली होती. तो बिचारा “मला नीट ऐकू येतंय, ताई,” असं सांगत होता आणि ताई मान खाली घालून प्रत्येक रकान्यात ‘प्रतिसाद नाही’ लिहीत होत्या. मॅडमनी तो आलेख अख्ख्या वर्गाला दाखवला. आज पुन्हा नापास झाली तर वर्ष गेलं. इकडे तळेगावात वडिलांनी, जानूभाऊंनी, सोसायटीच्या वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना “पोरगी कानाची डॉक्टर झाली” असं ‘होणार’ न म्हणता सांगून टाकलं होतं. म्हणून सकाळपासून रेणुकाने ती वायर अकरा वेळा तपासली होती. आता तिने ती बाराव्यांदा तपासली. जोडलेली होती.

“बरं, हात नको. हे बटण घ्या. आवाज आला की दाबायचं.”

आबांनी बटणाकडे संशयाने पाहिलं. “मतदान बी आजच हाय का?”

“मतदान नाही हो! मग नुसतं ‘व्हय’ म्हणा.”

“व्हय म्हनलं की म्होरं कागद येतो.”

“मान हलवा.”

“मान हलवली आन धाकट्याचं लगीन ठरलं. ते बी मला मांडवातच कळलं.”

भिंतीला टेकून उभी असलेली सविता हे सगळं बघून हसत होती. सविता म्हणजे ज्याचं लग्न असं ठरलं त्या धाकट्याची बायको. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, ती पुण्यातल्या मूकबधिर शाळेत दहावीपर्यंत शिकलेली. सकाळी ती दारात दिसल्याबरोबर रेणुकाने मोठ्या उत्साहाने तिलाच खुर्चीत बसवून हेडफोन लावले होते. सविताने ते शांतपणे काढून सासऱ्यांच्या हातात दिले आणि खुणांनी सांगितलं, ‘माझं सगळं ठीक आहे. आबा ऐकत नाहीत.’ यातलं ‘ऐकत नाहीत’ नेमकं कुठल्या अर्थाने, हे रेणुकाला तेव्हा कळलं नव्हतं. आता दोन्ही अर्थ कळले.

रेणुकाच्या खुणा कॉलेजच्या शनिवारच्या वर्गातल्या. बहिऱ्या माणसाशी लोक जसं मोठ्याने आणि तुटक बोलतात, तशा सविता सकाळपासून तिच्याशी मोठ्या आणि तुटक खुणा करत होती. आताही तिने तशाच केल्या. पुष्कळ हात वर. मग आबांचा एकट्याचा हात वर. मग कपबशी. मग शेत. मग काहीतरी उंच आणि गोल.

“चहा... शेत... टाकी?” रेणुकाला काही जुळेना.

सुनेचे हात बघून आबांनीच तोंड उघडलं. “बारा वर्सं झाली. ह्याच खोलीत गरामसभा. मी मागं बसल्यालो. सरपंचानं कायतरी इचारलं, मला वाटलं च्या कुनाला पायजे. म्या केला हात वर. सगळ्यांनी टाळ्या वाजीवल्या. मला वाटलं, च्याला टाळ्या कशापायी? पान्याच्या टाकीला जागा कोन देतो, आसं इचारल्यालं! घराम्होरलं दोन गुंठं गेलं, आन च्या बी न्हाई मिळाला.”

खिडकीतून पाण्याची टाकी दिसत होती. रेणुकाला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. बारा वर्षांपूर्वीच या माणसाचे कान कुणी तपासले असते तर दोन गुंठे वाचले असते. पण ते वाईट वाटणं आलेखावर मांडता येत नव्हतं. बारा वाजायला आले होते. ‘प्रतिसाद नाही’ लिहावं तर हा चिक्कीवाला क्रमांक दोन. अंदाजाने काहीतरी लिहावं तर मॅडम नेमका हाच आलेख उचलणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

हताश होऊन तिने उगीच यंत्राची कळ दाबली. आवाज बराच मोठा होता. आबा ढिम्म. तेवढ्यात सविताने तिचा खांदा हलवला आणि जमिनीकडे बोट दाखवलं.

आबांच्या उजव्या पायाचा अंगठा वर आला होता. आवाज थांबला, अंगठा खाली गेला.

रेणुकाने पुन्हा कळ दाबली. अंगठा वर. मुद्दाम थांबून राहिली. अंगठा जागच्या जागी. आवाज कमी केला, आणखी कमी केला, आणि एका ठिकाणी अंगठा उठेनासा झाला. जे तिला पुस्तकातून दोन वर्षांत दिसलं नव्हतं, ते सविताला एका नजरेत दिसलं होतं. जिला माणसं वाचतच दिवस काढायचे असतात, तिच्या नजरेतून अंगठा सुटत नाही. रेणुका खाली उकिडवी बसली, एक हात यंत्रावर आणि डोळे पायावर.

“काय बगतीस गं पायाकडं?”

“काही नाही, आबा. नख वाढलंय.”

उजवा कान झाला. डावा निम्मा झाला. आणि दार धाडकन उघडलं.

त्याचं असं झालं होतं. सकाळी दहा वाजता वेळ वाचवावा म्हणून रेणुकाने तपासणीला आलेल्या सगळ्यांचा एकदमच सराव घेतला होता. ती टाळी वाजवी आणि ते हात वर करत. बाहेरचा आवाज नको म्हणून खिडक्या बंद होत्या. तेव्हा रस्त्याने चाललेल्या भिकाजीला काचेतून ऐकू काही आलं नाही, दिसलं मात्र सगळं. पंचायतीत माणसं हात वर करताहेत आणि शहरातली एक बाई लिहून घेतेय. हॉटेलात जाऊन त्याने “सभा चालू हाय,” एवढंच सांगितलं. दुसऱ्या चहाला सभेचा ठराव झाला, तिसऱ्याला ठरावात गायरान आलं आणि चौथ्याला त्या गायरानावर लोणावळ्याच्या कुणाचं तरी रिसॉर्ट उभं राहिलं.

“आमचा इरोध हाय!” गोरख दारातूनच ओरडला. मागच्या निवडणुकीत तो चार मतांनी पडलेला होता. त्याच्या मागे वीस-पंचवीस माणसं होती आणि विरोध नोंदवायला प्रत्येकाने हात वर केलेला होता.

“शांत राहा! तपासणी चालू आहे!” रेणुका जमिनीवरूनच ओरडली.

“मोजनी बी चालू झाली?” भिकाजी किंचाळला.

“मोजणी नाही, तपासणी! कानांची!”

“कानामागनं काय चाललंय, ते ठावं हाय आमाला! लिवून घ्या, बाई, पंचवीस इरोधात!”

आबांना हेडफोनमुळे यातलं अक्षरही कळलं नाही. त्यांना दिसले ते फक्त वर गेलेले पंचवीस हात. त्यांनी स्वतःचे हात मांड्यांखाली आणखी खोल सारले.

“रेणुका,” दारातून एक थंड आवाज आला, “हे काय आहे?”

बेहेरे मॅडम उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांच्यासमोर पंचवीस माणसं हात वर करून उभी होती आणि त्यांची विद्यार्थिनी एका म्हाताऱ्याच्या पायाशी बसून त्याच्या अंगठ्याकडे टक लावून बघत होती.

“मॅडम... प्रतिसाद बघतेय.”

पुढची दहा मिनिटं मॅडमनी गोरखला गायरान जागेवर असल्याची खात्री पटवण्यात घालवली. बाकीचे वरमून हात खाली घेऊ लागले. भिकाजीने घेतला नाही. “वर केलाच हाय, तर माजे बी कान बगून घ्या,” तो म्हणाला आणि बाकड्यावर बसला. तेवढ्यात रेणुकाने डावा कान उरकला.

मॅडमनी दहा आलेख चाळले आणि अर्थातच दहावा उचलला. “प्रतिसादाची पद्धत: उजव्या पायाचा अंगठा,” त्यांनी मोठ्याने वाचलं. “हे कुठल्या पुस्तकात आहे?”

“कुठल्याच नाही, मॅडम. यांनी दाखवलं.” रेणुकाने सविताकडे बोट केलं.

मॅडमनी आलेखाबरहुकूम चाचणीचं श्रवणयंत्र जुळवलं, आबांच्या कानाला लावलं आणि त्या पाठीमागे पाच पावलांवर जाऊन उभ्या राहिल्या. तोंडासमोर फाइल धरली. आणि अगदी साध्या, घरातल्या आवाजात म्हणाल्या, “आबा, हात वर करा.”

आबांचे हात मांड्यांखाली. रेणुकाने अंगठ्याकडे पाहिलं, तोही गप्प. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. रेणुकाला तळेगावची सोसायटी, सेक्रेटरी, वॉचमन, सगळे ओळीने दिसले.

आबा हळूच मागे वळले.

“कशापायी, ते आदी सांगा.”

मॅडमचं पेन थांबलं.

“तवा ऐकू आलं आसतं तर तवाच इचारलं आसतं,” आबा म्हणाले. त्यांचा आवाज जरा कापला, आणि तो कापलेला आवाज स्वतःलाच ऐकू आला म्हणून ते दचकले. सविताला ऐकू काहीच आलं नाही, तरी तिने डोळ्यांना पदर लावला.

मॅडमनी दहाव्या आलेखावर सही केली आणि कागद रेणुकाकडे सरकवला. रेणुकाने सहीकडे पाहिलं, मग सवयीने वायरीकडे. जोडलेली होती.

एवढ्यात पंचायतीचा शिपाई नथू मागच्या दारातून डोकावला आणि गर्दी बघून बेतानेच म्हणाला, “च्या कोन कोन घेनार?”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. गोरखने हात पाठीमागे बांधले. भिकाजीने इतका वेळ वर ठेवलेला हात पटकन खिशात घातला.

आबांनी मांडीखालचा उजवा हात काढला आणि सरळ वर केला.