पाहुण्यांच्या बाथरूमचा कायापालट

"सुतार कशाला पाहिजे?" डॉक्टर म्हणाले, आणि बायकोने हातातली उशी खाली ठेवली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिला या वाक्याची धास्तीच बसली होती.

प्रश्न दिवाणखान्याला लागून असलेल्या छोट्या बाथरूमचा होता. एक कमोड, एक बेसिन आणि उरलेल्या जागेत एक माणूस, तोही फार न वळणारा, एवढीच ती खोली. आरशावर काळे डाग, दिवा पिवळट, आणि सामान ठेवायला कमोडच्या टाकीवरची जागा. रविवारी मुलीचे होणारे सासू-सासरे पहिल्यांदाच घरी येणार होते. सासरे निवृत्त न्यायाधीश. मुलीने आधीच सांगून ठेवलं होतं, "बाबा, ते फारसं बोलत नाहीत. पण बघतात सगळं."

"अगं, तोंडाएवढ्या जागेत आरसा, दिवा आणि हत्यारं घेऊन मी आयुष्य काढलंय," डॉक्टर म्हणाले. ते दातांचे डॉक्टर होते. "ही तर अख्खी खोली आहे."

"तिथे पेशंटला भूल देता येते," बायको म्हणाली. "इथे आम्ही शुद्धीवर असणार."

डॉक्टरांनी आधी आरसा लावला. गोल, मोठा, बारीक काळ्या कडेचा. लावून झाल्यावर त्यांनी स्वतःकडे समाधानाने पाहिलं आणि बायकोला हाक मारली. ती आरशासमोर उभी राहिली. मग टाचा उंचावून उभी राहिली.

"मला फक्त भांग दिसतोय."

"सरळ आहे ना? मग झालं तर!"

पण तिचा चेहरा, जो आरशात दिसत नव्हता, तो डॉक्टरांना नीट दिसत होता. त्यांनी आरसा काढून वीतभर खाली लावला. आता आरशाच्या वर दोन भोकं उरली. भिंतीचा गिलावा भुसभुशीत निघाल्यामुळे ती भोकं कसली, खिंडारंच होती. एखाद्या पेशंटच्या तोंडात त्यांनी असली भोकं पाहिली असती तर "इतके दिवस काय करत होता?" म्हणून झापलं असतं.

भोकं झाकायला त्यांनी तिथे नवा दिवा लावायचं ठरवलं. लांब पट्टीचा, पांढराशुभ्र. दिव्यापर्यंत वायर न्यायची म्हणून त्यांनी दाराजवळचं बटण उघडलं, आणि ते बटण खोक्यासकट हातात आलं. बायकोने वायरमनला फोन केला. त्याने विचारलं, "डॉक्टर स्वतः काम करताहेत का? मग त्यांचं संपलं की येतो." शेवटी तो आला, वायरची तोंडं नीट बंद करून गेला, आणि बटणच नको म्हणून सेन्सरचा दिवा बसवून गेला. माणूस आत आला की लागणार, हालचाल थांबली की विझणार.

"बघ, केवढं आधुनिक झालं!" डॉक्टर म्हणाले.

"आणि भिंतीतला तो खड्डा?"

बटणाच्या जागी पडलेला खड्डा झाकायला उंच, अरुंद कपाट आलं. ते खरं तर कमोडच्या वर लावायचं होतं. तिथे हात पोचतो, दार उघडायला जागा आहे, सगळं मोजून झालं होतं. पण खड्डा दाराजवळ होता, म्हणून कपाटही दाराजवळ गेलं. खोलीचं दार आत उघडायचं, आणि कपाटाचं दार त्याच्या वाटेत. कपाट उघडं असलं की खोलीचं दार उघडत नसे.

"पाहुणे कशाला कपाट उघडतील?" डॉक्टर म्हणाले. "सभ्य माणसं आहेत ती."

रविवारी पाहुणे आले. विहीणबाई उंबऱ्यातूनच बोलत आल्या आणि बसल्यावर त्यांचा आवाज आणखी चढला. त्यांच्या बोलण्यात कुठे फटच नव्हती. न्यायाधीश मात्र ताठ बसून होते. ओठ मिटून हसायचे, प्रत्येक प्रश्नाला "हं" म्हणायचे. चहा गार झाला तरी त्यांनी घेतला नाही. बिस्किटांची बशी पुढे केली तेव्हा त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की बायकोने ती हळूच मागे घेतली.

स्वयंपाकघरात मुलगी रडवेली झाली. "बाबा, त्यांना आपण पसंत नाही. एक शब्द बोलत नाहीयेत."

"आपण नाही गं, मी," डॉक्टर म्हणाले. "मी मघाशी त्यांना सोफ्याच्या मापांबद्दल सांगत होतो. मलाही मी पसंत पडलो नसतो."

तेवढ्यात न्यायाधीश उठले. "हात धुवायचे होते," एवढंच म्हणाले. डॉक्टर त्यांना उत्साहाने बाथरूमपर्यंत घेऊन गेले. "दिव्याचं बटण शोधू नका हं, तो आपला आपण लागतो," असं सांगून ते परत येऊन बसले आणि कौतुकाची वाट पाहू लागले.

कौतुक काही आलं नाही. आधी एक धप्प असा आवाज आला. मग आतून अगदी हळू हाक आली, "डॉक्टर."

डॉक्टर दाराशी गेले. दार वीतभर उघडलं आणि कशाला तरी अडलं. आत मिट्ट काळोख होता.

"साहेब, काय झालं?"

"कपाट उघडलं. त्याचं दार निखळून बेसिनला अडकलंय. हलत नाही."

"आणि दिवा?"

"मी स्वस्थ उभा होतो. तो विझला."

"हात हलवा साहेब!"

आतून हवेत काहीतरी फिरल्याचा आवाज आला आणि लख्ख उजेड पडला. फटीतून डॉक्टरांना दिसलं, की वरच्या बिजागरीचा स्क्रू सुटून कपाटाचं दार तिरकं लटकलंय आणि त्याचा कोपरा बेसिनच्या कडेखाली रुतलाय. स्क्रू त्यांनी स्वतः बसवला होता. घाईत, जेवायला बोलावल्यावर.

"मी आत येतो," ते म्हणाले.

"अहो, तुम्ही नको!" मागून बायको कळवळून म्हणाली, पण त्यांनी पोट आत घेऊन फटीत खांदा घातला होता. आपण बारीक आहोत हा त्यांचा जुना समज होता. शर्टाची दोन बटणं बाहेर राहिली, डॉक्टर आत आले, आणि त्यांच्या धक्क्याने कपाटाचं दार गर्रकन फिरून खोलीच्या दाराच्या मुठीखाली घट्ट बसलं. दार बंद झालं. आता आत दोघे होते.

"तुम्ही मला सोडवायला आलात," न्यायाधीश म्हणाले. त्यात प्रश्न होता की निकाल, ते कळलं नाही.

"साहेब, घरात मी कुठलंही काम हातात घेतलं, की त्याचं असंच होतं. स्क्रू ड्रायव्हर हवाय. तोही बाहेर राहिलाय."

मुलीने स्क्रू ड्रायव्हर दाराखालून सरकवला. डॉक्टर कमोडवर बसून बिजागरी खोलू लागले. दिवा विझू नये म्हणून न्यायाधीश त्यांच्या डोक्यावर दोन्ही हात संथपणे हलवत उभे राहिले. ज्याच्या एका खुणेवर अख्खं कोर्ट शांत होत असे, तो माणूस आता एका दिव्याच्या मिनतवाऱ्या करत होता.

"एक विचारू?" डॉक्टर मान वर न करता म्हणाले. "कपाटात काय शोधत होतात?"

न्यायाधीशांचे हात थांबले. दिवा गेला. काळोखात ते म्हणाले, "दुखण्याची गोळी. दाढ ठणकतेय. कालपासून."

"मग सांगायचं नाही का? मी समोरच बसलो होतो!"

"म्हणूनच नाही सांगितलं. तुम्ही दातांचे डॉक्टर आहात. मला भीती वाटते."

डॉक्टर खुदकन हसले. "साहेब, मला माझ्या बायकोची वाटते. हात हलवा आणि आ करा."

दिवा लागला. त्या पांढऱ्याशुभ्र उजेडात, त्या मोठ्या आरशासमोर न्यायाधीशांनी तोंड उघडलं, तेही एक हात हलता ठेवून. डॉक्टरांनी वाकून, तिरपं होऊन पाहिलं. दाढेचा एक तुकडा उडाला होता, बाकी काही नव्हतं. "काढावी लागणार नाही. उद्या दवाखान्यात या. आधी भूल देईन, मग बोलेन."

"उलटं करा," न्यायाधीश म्हणाले. "आधी बोला. मला माणसाचं बोलणं ऐकायची सवय राहिली नाही. घरात नुसता आवाज असतो."

बाहेर विहीणबाई दारावर थापा मारत होत्या. "अहो, ऐकताय का? काय करताय आत इतका वेळ? अहो, कुणाला तरी बोलवा! मी मघाशीच म्हणत होते..." त्या काय म्हणत होत्या ते सांगून संपेना. आत दोघे बाप हळू आवाजात मुलांबद्दल बोलत बसले. न्यायाधीश म्हणाले, त्यांच्या मुलाला भाजी चिरता येत नाही पण खोटंही बोलता येत नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या मुलीला दोन्ही येतं, पण खोटं ती फक्त बापाची बाजू सावरताना बोलते. शेवटचा स्क्रू सुटूनही बराच वेळ झाला होता. न्यायाधीशांनी तो पाहिला होता, आणि काही बोलले नव्हते.

अखेर दोघे बाहेर आले तेव्हा डॉक्टरांच्या शर्टाला बटणं नव्हती आणि न्यायाधीशांनी गार झालेला चहा मागून घेतला. जाताना ते मुलीच्या डोक्यावर हात ठेवून "बरं झालं" म्हणाले. कशाबद्दल, ते कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बायकोने सरळ सुतार बोलावला. तो कपाट भिंतीवरून उतरवत असताना डॉक्टरांचा फोन वाजला. डॉक्टर ऐकत राहिले, दोनदा "हो साहेब" म्हणाले, मग घाईघाईने सुताराचा हात धरला. "थांबा, ते मोडू नका."

"काय म्हणाले?" बायकोचा चेहरा उतरला. "काही बिनसलं का?"

"छे. ते वाटेत आहेत, दाढ दाखवायला येताहेत. लग्नाचंही पक्कं." डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "पण त्यांच्या घरीही एक छोटं बाथरूम आहे. कपाट तिथे लावून हवंय. माझ्याच हाताने, आणि अगदी तस्सं. विहीणबाईंना सांगायचं नाही म्हणाले."