कसब्यावरील नऊ मायक्रोफोनांची स्वारी

थोरांच्या लढाया लिहिणारे पुष्कळ होऊन गेले. अर्धवटांच्या लढाया लिहून ठेवणारा कोणी मिळत नाही, म्हणोन ही कैफियत आम्हांस लिहिणे प्राप्त जाहले. शके १९२६, तारणनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, पुणे प्रांती संगणकाचा अंमल बसला होता, आणि हडपसरी जेथे मेथी-कोथिंबिरीचे मळे होते तेथे काचेचे महाल उठले होते, आणि त्या महालांतील तमाम कंपन्यांच्या बँडांची स्पर्धा जाहीर जाहली, की सोमवारपावेतो एका गाण्याची सीडी हुजुरात दाखल करावी. ते समयी टीम लीड राजश्री सौरभराव, जे साडेतीन महिने अमेरिकेत मुक्काम करोन आल्यापासोन पुण्याच्या पाण्यास नाक मुरडीत होते, त्यांनी या मोहिमेचा विडा उचलिला.

फौज लहान होती. गिटारीवर अभयराव, ज्यांचा खरा हुद्दा सौरभरावांच्या बोलण्यास मान डोलावण्याचा. आणि ड्रमवर जयाबाई ओव्हाळ, ज्या त्याच कंपनीत इतरांच्या कामांतील चुका हुडकण्याचे कामी नामजाद होत्या, आणि ज्यांनी पहिल्या वर्षीचा पगार साठवोन स्वतःचा ड्रमसंच घेतला होता, आणि सात वर्षे इमारतीच्या पार्किंगमध्ये शेजाऱ्यांची बोलणी खाऊन हात तयार केला होता. तो हात डावा होता. ही गोष्ट साऱ्या कंपनीस ठाऊक होती, कारण जयाबाई जेवावयास समोर बसत. परंतु सौरभरावांची नजर कागदावाचून अन्यत्र जात नसे.

तो कागद काय वर्णावा! इंटरनेटवरोन उतरविलेला, रंगीत छापलेला, त्यावर ड्रमचे चित्र, आणि नऊ मायक्रोफोन कोठे किती इंचांवर रोवावे याचा तपशील. त्यावर दोन आठवडे मसलती झडल्या, आणि सर्वांच्या मंजुऱ्या मेलने घेतल्या. मग शनिवारी प्रातःकाळी सौरभराव व अभयराव कसबा पेठेत भीमरावांच्या स्टुडिओवर चालोन गेले. भीमराव म्हणजे तीस वर्षे भीमगीतांच्या आणि भजनांच्या कॅसेटी भरलेले गृहस्थ. ते चहाचा पेला घेऊन दारात उभे राहिले आणि सारा प्रकार पाहू लागले. जयाबाईंचा टेंपो अद्याप वाटेत असता, रिकाम्या खोलीत मापाची टेप धरोन, फरशीवर खडूच्या खुणा करोन नऊ मोर्चे बांधिले गेले, आणि मग ड्रम येताच फर्मान सुटले की ड्रमने मायक्रोफोनांप्रमाणे बसावे.

कागदावरील चित्र उजव्या हाताच्या वादकाचे होते, आणि जयाबाईंचा संच उजव्याचा डावा आणि डाव्याचा उजवा असा मांडावा लागे. त्यांनी तसा अर्ज केला. अभयराव म्हणाले, "अगं, रिव्ह्यू होऊन फायनल झालंय ते डॉक्युमेंट. आता चेंज म्हणजे परत सगळ्यांना मेल. तूच इकडून वाजव ना!"

तेव्हां जयाबाई उलट्या मांडणीस बसल्या, आणि उजवा हात डाव्याचे काम करू लागला, आणि मायक्रोफोन टिपऱ्यांच्या वाटेत येऊ लागले, आणि जे ध्वनिमुद्रित जाहले ते ऐकोन कोणी फडताळात डबे लावीत आहे ऐसा भास जाहला. सौरभरावांनी ते तीन वेळा ऐकिले, चित्राशी ताडून पाहिले, चित्र बरोबर होते, सबब दोष जयाबाईंच्या हाताचा ठरला. हुकूम जाहला की ड्रम संगणकाकडोन वाजवून घ्यावा, आणि जयाबाईंस खुळखुळा द्यावा.

जयाबाईंस फार वाईट वाटले, आणि त्याहून अधिक राग आला. सात वर्षांची मेहनत एका छापील चित्राने खुळखुळ्यावर आणिली होती. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "अर्धा तास दे. नाही जमलं, तर मीच जाते बँडमधून. खुळखुळा तुमच्याकडेच ठेवा."

मग त्यांनी संच आपल्या हाताप्रमाणे फिरविला, खडूच्या खुणा पायाने पुसल्या, आणि सौरभरावांच्या हाती टिपऱ्या देऊन त्यांस ड्रमवर बसविले, की वाजवीत राहावे, कसेही चालेल. सौरभरावांनी तशीच तामिली केली. आणि जयाबाई एका कानात बोट घालोन, दुसरा कान पुढे करोन संचाभोवती फिरू लागल्या. जेथे आवाज भरीव लागे तेथे थांबत आणि त्या जागी मायक्रोफोन मागवीत. एक पायाने वाजविण्याच्या मोठ्या ढोलाच्या तोंडाशी लागला, एक मांडीशी असणाऱ्या स्नेअरच्या कडेवर, एक डोक्यावरोन साऱ्या संचाकडे पाहणारा. बाकी सहांस त्यांनी भिंतीशी उभे केले. भीमराव यंत्रामागे जाऊन बसले. सौरभरावांनी त्यांस विचारले की हे आधी का नाही सांगितले, तेव्हां भीमराव म्हणाले, "विचारलंत कुठे? आपण दारातून येतानाच सगळं ठरवून आला होतात."

पुढे जयाबाई वाजवू लागल्या, आणि ते ऐकताना अभयरावांची मान, जी आजपावेतो हुकमाने हलत असे, ती प्रथमच तालात हलली. ढोल पोटात लागत होता, झांजा उघडून मिटत होत्या, आणि प्रत्येक घाव जेथल्या तेथे ऐकू येत होता. दुसऱ्या खेपेची गरज पडली नाही.

सौरभराव घसा साफ करोन म्हणाले, "बघ, वॉर्म-अप झाल्यावर हात किती सुटला तुझा!"

जयाबाई म्हणाल्या, "हात तोच आहे. मघाशी तू कागद ऐकत होतास."

मग भीमरावांनी सीडीवर ठळक अक्षरांत 'ड्रम: जया ओव्हाळ' ऐसे लिहिले. सौरभरावांनी अर्जी केली की खाली 'ध्वनिरचना: सौरभ' ऐसेही यावे. भीमरावांनी सीडीवर उरलेल्या एवढ्या मोठ्या कोऱ्या जागेकडे पाहिले, म्हणाले, "जागा नाही," आणि पेनास टोपण लाविले. येणेप्रमाणे शनिवारी दोन प्रहरी, मुक्काम कसबा पेठ, मोहीम फत्ते होऊन सहा मायक्रोफोन न वाजता पेटीत परतले, आणि जयाबाईंची जागा जयाबाईंकडे कायम जाहली, हे पुढील पिढ्यांस कळावे म्हणोन नमूद केले असे.