संपतबाबा उठत नाहीत

नायब तहसीलदार आमच्या वस्तीत आले तेव्हा सगळे उठून उभे राहिले. म्हातारे उठले, बाया उठल्या, रस्त्यात पसरलेलं कुत्रंसुद्धा उठून बाजूला झालं. संपतबाबा तेवढे उठले नाहीत. खुर्चीत होते तसेच राहिले आणि बारीक आवाजात म्हणाले, "बोला साहेब. बसून बी आयकू येते मले."

साहेबांनी चष्मा पुसला आणि जे बोलायचं ते उभ्याउभ्याच बोलून गेले. बाबांचं वाक्य मात्र पुढच्या बाजाराच्या दिवशी राळेगावात पोचलं होतं.

या वाक्याचं एवढं काय, असं कोणाला वाटेल. पण संपतबाबा चाळीस वर्षं आमच्या गावचे कोतवाल होते आणि कोतवालाचं मुख्य काम म्हणजे उभं राहणं. चावडीच्या पायरीखाली उभं राहायचं, पाटलांनी हाक मारली की धावायचं, दौऱ्यावरच्या साहेबाच्या बैलांच्या दमणीपुढे पळायचं. आमच्या वस्तीने दीक्षा घेतली आणि गावकीची कामं सोडली, तेव्हा बाबांनी कोतवालकीचा पट्टा चावडीवर नेऊन ठेवला. पुढे कापसाच्या जिनातून मोडीत निघालेली एक खुर्ची आणली. तिचा उजवा हात तुटलेला होता, तिथे बाभळीचा दांडा ठोकला आणि ती घरासमोर रस्त्याकडे तोंड करून मांडली.

खरी कीर्ती झाली ती पाटलांमुळे. जुन्या सवयीने एक निरोप पोचवायला सांगण्यासाठी पाटील एक दिवस स्वतः वस्तीत आले. बाबांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. अंग थरथरलं, चेहरा दगडासारखा झाला, पण बाबा उठले नाहीत. पाटील थोडा वेळ थांबले आणि निघून गेले. पोरांनी टाळ्या पिटल्या. त्याच आठवड्यात ती पोरं चावडीच्या ओट्यावर जाऊन बसली. हाकललं, तर परत येऊन बसली. "काहून उठाव? बसून बी आयकू येते," असं आठ वर्षांचं पोरगंही म्हणू लागलं.

मी तेव्हा यवतमाळला कॉलेजात होतो. मला शाळेत घालावं म्हणून माझ्या बापाला दम देणारे बाबाच, म्हणून मला त्यांचा अभिमान जरा जास्तच. सुटीत गेलो की ते विचारत, "काय कालेज, कवा आला?" त्यांनी माझं नावच कालेज ठेवलं होतं.

बाबांच्या प्रत्येक गोष्टीत आम्हाला थोरपण दिसे. हात सारखा थरथरायचा. आम्ही म्हणायचो, चाळीस वर्षांचा राग आहे, एवढ्यात कसा शमेल? चेहऱ्यावर हसू दिसत नसे. आम्ही म्हणायचो, विचारी माणूस आहे. बोलणं इतकं हळू की कान जवळ न्यावा लागे. आमचे एक प्राध्यापकही असेच हळू बोलत, त्यामुळे माझी तर खात्रीच पटली.

एकदा खुर्चीखाली साप निघाला. वस्ती पांगली. कोणी ओट्यावर, कोणी झाडावर. बाबा बसलेले. साप दोन पायांमधून निघून कुंपणात गेला. पोरांनी विचारलं, "बाबा, भेले नाही तुम्ही?" बाबा म्हणाले, "त्याचं त्याले काम होतं. तो गेला." हा किस्सा मी वसतिगृहाच्या संमेलनात भाषणात सांगितला आणि टाळ्या घेतल्या.

या कीर्तीवर फक्त गयाकाकूचा, म्हणजे बाबांच्या बायकोचा, विश्वास नव्हता. "तुमचा राजा!" ती म्हणायची. "पान्याचा गिलास धरला तं अर्धा गादीवर सांडते." पहाटे वस्ती जागी व्हायच्या आत बाबा खुर्चीत असत आणि दिवेलागणीनंतर रस्ता मोकळा झाला की घरात जात. ते कसे येतात, कसे जातात, हे कोणी पाहिलं नव्हतं. कोणाला पाहावंसंही वाटलं नाही.

मग मथुराबाईचं प्रकरण झालं. मथुराबाई बाबांची मोठी बहीण. आई लहानपणीच गेल्यामुळे बाबांना तिनेच कडेवर वागवलेलं. ती दोन कोसांवरच्या गावी दिलेली. तिचा नवरा वारला आणि बाबा मातीला गेले नाहीत. पुढेही भेटायला गेले नाहीत. महिना झाला, दोन झाले. शेवटी बाजाराला आलेल्या माणसाबरोबर तिचा निरोप आला : "त्याले म्हना, पाटलासाठी उठत नाही तं बरंच हाय. माह्या घरी मरन झालं तरी उठला नाही. आता मी बी मेली समज."

मी नुकताच बी.ए. झालो होतो, म्हणजे कोणालाही चार गोष्टी सांगायला मोकळा होतो. दुपारी बाबांकडे गेलो. वस्ती कापूस वेचायला गेली होती. मी म्हणालो, "बाबा, स्वाभिमान पाटलापुढं ठीक आहे. बहिणीपुढं कायचा स्वाभिमान? एवढा ताठा चांगला नाही."

बाबांचा हात थरथरत होता. मला वाटलं, आता आपल्यावर राग निघतो.

"कालेज," ते म्हणाले, "जवळ ये. मले भेव वाटते."

"कायचं?"

"उठाचं."

मला कळेना. ते थांबत थांबत सांगू लागले. "मन म्हनते चाल, पाय म्हनते आमी नाही येत. उंबऱ्यात तं रोवूनच जाते. मांगच्या उन्हायात न्हानीत पडलो, तवापासून उठाच्या आधीच पडल्यासारखं होते. म्हनून हालतच नाही मी. हाललोच नाही तं पडीन कसा?"

"आणि साप?"

"पाय निघालेच नाही, बापा. मी तं त्याले पाहून अर्धा मेलतो."

"पण पाटील आले तेव्हा..."

बाबांनी रस्त्याकडे पाहिलं. "पाटील आला तवा मी उठाले गेलतो. चाळीस वर्साची सवय. लय जोर लावला, पन उठनंच झालं नाही. पोट्ट्याइनं टाळ्या पिटल्या. आता त्याइले काय सांगू? माह्याकडं पाहून पोरं बसाले शिकले रे. कोनाले सांगू नको."

मी सांगितलं नाही. ती पोरं आता मोठी झाली आहेत. एक जण तर कचेरीत टेबलामागे बसतो. त्यांना आता कोणाकडे पाहून बसावं लागत नाही, म्हणून लिहितो आहे. बाबांना झालं होतं त्याला कंपवात म्हणतात, हे पुढे यवतमाळच्या एका डॉक्टरांनी मला सांगितलं. उठण्याची ती धास्तीही त्यातलीच, असं ते म्हणाले.

त्या दुपारी मात्र मी म्हणालो, "मग मथुराबाईंना तरी सांगतो."

"तू काहून सांगतं? बहीन माही हाय." मग म्हणाले, "बंडी आन."

वस्ती शेतातून परतायच्या आत निघायचं होतं. मी शेजारच्यांची बैलबंडी जुंपून आणली. गयाकाकूने मागून कंबर धरली, मी पुढून. बाबा उभे राहिले आणि तिथेच थांबले. डोळे घट्ट मिटलेले. "पडतो, पडतो," म्हणत होते. "पडा मंग," गयाकाकू म्हणाली, "माह्यावरच पडान ना? रोजच पडता." पाच पावलांना किती वेळ लागला, सांगता येत नाही. बंडीत बसल्यावर बाबा घामाने निथळत होते.

मथुराबाई घरात दाराकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली होती. मी आणि गयाकाकूने बाबांना दारापर्यंत आणलं आणि उंबऱ्यापाशी पाय रोवले गेले ते गेलेच.

तिने वळून पाहिलं नाही. "काहून थांबला? आता माह्या घरात याले बी राजाले आवतन लागते का?"

"बाई," बाबा म्हणाले, "मले भेव वाटते वं."

सुपातला हात थांबला. मथुराबाई वळली. तिने बाबांच्या तोंडाकडे पाहिलं नाही, पायांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सूप बाजूला सारलं, गुडघ्यावर हात टेकत उठली आणि येऊन भावाचे दोन्ही हात धरले.

"खाली नको पाहू. माह्याकडं पाह्य," ती म्हणाली आणि एक पाऊल मागे सरली.

बैलांना पाणी पाजतो म्हणून मी बाहेर आलो. पाणी त्यांना वाटेतल्या नाल्यावरच पाजलं होतं. आतून मथुराबाईचा आवाज येत होता.

"टाक. भेऊ नको, धरलं हाय मी. हं... आता दुसरा."