तपासणीच्या दिवशी पोपटी

माझ्या नियोजनात चूक काढून दाखवा, मी तुम्हाला जेवायला घालते, असं परवापर्यंत मी ऑफिसात छाती ठोकून सांगायचे. आता सांगत नाही. सगळ्यांना जेवायला घालणं परवडणार नाही.

आमची कंपनी बेलापूरची. शेतकऱ्यानं पेंढा जाळायचा नाही, कुजवून खत करायचं. त्यानं जो धूर वाचतो त्याचं श्रेय मोठ्या कंपन्या विकत घेतात आणि शेतकऱ्याला मोबदला मिळतो. याला कार्बन क्रेडिट म्हणतात. माझी पहिली शेतकरीण म्हणजे माझीच गोजराआत्या. खांदेश्वरच्या पुढे तिचं भाताचं शेत, तिन्ही बाजूंनी टॉवर. तिचा मुलगा तेजस म्हणाला होता, "आई, तपासणीत शेत पास झालं तर ठेवू. नाय तर बिल्डरला हो म्हनून टाकू." त्या दिवशी आत्या जेवली नव्हती.

तपासायला पुण्याहून सुनीती मॅडम यायच्या होत्या. मी आत्याला फोनवर बजावलं, "पाहुणचारात कमी पडू नकोस."

तिथंच माती खाल्ली मी.

आम्ही बांधावर पोचलो तर शेताच्या कोपऱ्यातून धूर! नशीब, मॅडम मोबाइलवर नकाशा बघत होत्या.

"मॅडम, तो शेवगा बघा ना तिकडे."

"शेवगा पाहिलाय हो मी."

"हा वेगळाय," म्हणत मी त्यांना उलट्या दिशेला वळवलं आणि ओढणी कमरेला बांधून धूम ठोकली.

कोपऱ्यात आत्या उकिडवी बसून सुपानं वारा घालत होती. समोर उपडं मडकं, भोवती जाळ. पोपटी लावली होती बाईनं! वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, भांबुर्ड्याचा पाला, सगळा थाट.

"आत्या, अगं आज जाळ?"

"मंग पावनीला वरनभात घालू? थंडीची आगऱ्याच्या शेतावर आली हाय गो ती."

जवळ पाणी नव्हतं. खताचा ढीग होता, त्यावरचा पेंढा दवानं भिजलेला. ओल्यानं आग दबते एवढं विज्ञान मला येतं. मी कवळभर पेंढा उचलून जाळावर टाकला. मग आणखी एक कवळ. आत्या "नमे, नको गो" म्हणेपर्यंत अर्धा ढीग संपवला. दव नुसतं वरवरचं होतं. असा भडका उडाला की समोरच्या टॉवरमधली माणसं गॅलरीत आली आणि व्हिडिओ काढू लागली.

मॅडम धापा टाकत पोचल्या. "पेंढा कोणी जाळला?"

"मी," आत्या म्हणाली. "माजी चूक हाय. पोरीला काय बोलू नका, तिची नोकरी जाईल."

मला रडूच फुटलं. जिचं शेत जायची वेळ आली होती, ती माझी नोकरी वाचवत होती.

"खोटं बोलतेय ती, मॅडम. पेंढा मी टाकला. आग विझवायला."

"विझवायला?"

"हो."

मॅडमनी काठीनं राख उकरली. तळाशी अर्धवट जळके दांडे निघाले. आत्यानं पेटवल्या होत्या त्या नारळाच्या झावळ्या.

"पेंढा जालायचा नाय असं हीच बोलली ना," आत्या पुटपुटली. "मंग मी कशाला हात लावू त्याला?"

मी मडकं उघडायला वाकले तर मॅडमनी थांबवलं. "आधी अहवाल, मग जेवण." आणि उभ्या उभ्या मोबाइलवर लिहिलं: शेतकरी पात्र. पेंढा कंपनीच्या प्रतिनिधीनं जाळला, त्यांना प्रशिक्षण द्यावं. मग मात्र त्यांनी शेंगा दोनदा मागून घेतल्या. भडका बघून धावत आलेल्या तेजसनं तिथूनच बिल्डरला फोन करून नाही सांगितलं.

आत्याचे उपकार मी कधी फेडू शकणार नाही. मॅडमचेही. खरं तर त्या झावळ्यांचेसुद्धा. निघताना आत्यानं माझ्या हातात पोपटीचा डबा दिला, गालावरची राख पदरानं पुसली आणि मायेनं म्हणाली,

"नमे, पुढच्या तपासनीला मॅडमला एकटीलाच पाठव गो."