ओके या शब्दाची गावपातळीवरील चौकशी

ज्या शब्दाचा अर्थ सगळ्यांनाच ठाऊक असतो, त्याच्यासाठी शेवटी समिती नेमावी लागते. ज्याचा अर्थ कुणालाच ठाऊक नसतो त्या शब्दाचं काही अडत नाही. तो शासकीय परिपत्रकात जातो आणि तिथे सुखाने नांदतो. अडचण होते ती रोजच्या वापरातल्या शब्दाची. शिरूर कासार तालुक्यातल्या एका गावात गेल्या दिवाळीनंतर अशी अडचण उद्भवली, आणि ती गहिनीनाथरावांच्या घरी, त्यांच्या मुलाच्या फोनवर उद्भवली.

मुलाचं नाव हरिओम. वय बायोडाट्यात एकोणतीस, आधार कार्डावर बत्तीस. सात एकर कोरडवाहू जमीन, चौदा शेळ्या, एक म्हैस, स्वभाव शांत, व्यसन नाही (तंबाखूला व्यसन धरण्याची पद्धत या भागात नाही). चार वर्षांत त्याने एकोणीस मुली पाहिल्या होत्या. त्यांपैकी अकरा घरांनी 'कळवतो' असं सांगितलं आणि कळवलं नाही. पाच ठिकाणी पत्रिका जुळली नाही. यातल्या तीन ठिकाणी पत्रिका दिलेलीच नव्हती. दोघांनी पुण्यात फ्लॅट आहे का असं विचारलं. एक मंडळी पाहुणचाराला म्हणून निघाली होती, ती फाट्यावरूनच गावाचा रस्ता पाहून परत गेली. गहिनीनाथरावांनी हा सगळा हिशेब एका जुन्या डायरीत लिहून ठेवला होता, कारण माणसाने आपल्या अपयशाची तरी नीट नोंद ठेवावी असं त्यांचं मत होतं.

विसावी मुलगी आष्टीकडची. दोन जीप करून एकोणीस माणसं गेली. पोह्यांत शेंगदाणे भरपूर होते, हा शुभशकुन मानण्यात आला. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम सात मिनिटं चालला. तिला नाव विचारण्यात आलं, ते तिने सांगितलं. शिक्षण विचारण्यात आलं, तेही तिने सांगितलं. मग पावसाचा विषय निघाला आणि ती आत गेली. दुसऱ्या दिवशी गहिनीनाथरावांनी हरिओमकडून मुलीच्या वडिलांना मेसेज पाठवला : 'आम्हास स्थळ पसंत आहे. पुढील विचार कळवावा.' दोन दिवसांनी उत्तर आलं. उत्तर होतं, 'ओके'. मागे काही नाही, पुढे काही नाही, नमस्कार नाही, पूर्णविरामसुद्धा नाही.

"फोन लावा की मग," केशरबाई चुलीपुढून म्हणाल्या. "इचारा, हो का न्हाई. दोन मिनटाचं काम हाय."

गहिनीनाथरावांना बायकोच्या भोळेपणाची कीव आली. मुलाकडच्यांनी एकदा निरोप धाडला की पुढचा शब्द मुलीकडून यायचा, ही बापजाद्यांपासूनची रीत. मुलाचा बाप दुसऱ्यांदा विचारायला लागला की लोक समजतात, पोरात खोट आहे. ही रीत ज्या काळात पडली त्या काळात मुलींचे बाप चपला झिजवत हिंडत असत. आता चपला मुलांच्या बापांच्या झिजतात, पण रीत बदलावी असा आदेश वरून अद्याप आलेला नाही, त्यामुळे ती चालू आहे. मध्यस्थाला विचारता आलं असतं. पण तो ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर गेला होता आणि तिकडे त्याचा फोन लागत नव्हता.

"आपन फोन करायचा न्हाई," गहिनीनाथराव म्हणाले. "त्येंनी काय म्हनलं त्येचा अर्थ लावायचा."

अर्थ लावायला तीनजणांची समिती पारावर बसली. अध्यक्ष भगवानराव, हे एका तहसिलीत एकतीस वर्षं अव्वल कारकून होते आणि निवृत्त झाल्यापासून गावातल्या कुठल्याही कागदाला 'प्रकरण' म्हणत. सदस्य अमरसिंह; त्याचा स्वतःचा ट्रक होता, पण गिअरबॉक्स काढलेल्या अवस्थेत तो गॅरेजात उभा असल्याने समितीला अमरसिंह पूर्णवेळ लाभला. तिसरे सदस्य खुद्द गहिनीनाथराव. हरिओमला समितीत घेतलं नाही (हितसंबंध). तो पारापासून दहा पावलांवर फोन धरून उभा राहायचा आणि समितीने मागणी केली की तो मेसेज उघडून दाखवायचा.

सुरुवात मुळापासून करावी असं ठरलं. अमरसिंहाचं म्हणणं, हा शब्द ट्रकनेच या देशात आणला. त्याच्याही ट्रकच्या पाठीवर तो पिवळ्या रंगात होता. "बावीस वरीस ह्यो शब्द पाठीवर घिऊन हिंडतोय," तो म्हणाला. "हार्नचा अर्थ कळतो. प्लीजचा कळतो. मधी ओके कावून हाय, ते मला कदी कळलं न्हाई, अन् मागच्या गाडीवाल्यानं बी कदी इचारलं न्हाई."

भगवानरावांनी ही साक्ष नोंदवून घेतली आणि निजामाच्या राज्यात हा शब्द नव्हता, त्यामुळे कामं उशिरा पण होत असत, असा स्वतःचा अभिप्राय खाली जोडला. हरिओमने दहा पावलांवरून फोनमध्ये पाहून सांगितलं की, पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राने 'सगळं बरोबर' हे शब्द गमतीने चुकीचं स्पेलिंग करून छापले आणि त्या चुकीची ही आद्याक्षरं आहेत असं म्हणतात. समितीने हे एकमताने फेटाळलं. ज्या दोन अक्षरांवर सगळ्या कचेऱ्या चालतात, दवाखाने चालतात, ती कुणाच्या थट्टेतून निघाली असतील हे मानायला भगवानराव तयार नव्हते. "चुकीतून शब्द निघाला आसता," ते म्हणाले, "तर आमच्या हाफिसातून डिक्शनरी निघाली आसती."

मग अर्थ. समितीने पाच दिवस हिंडून एकेचाळीस लोकांचे जबाब घेतले. त्यातून असं दिसलं की, वायरमन खांबावरून उतरून 'ओके' म्हणतो तेव्हा तो खांबावरून उतरला आहे, एवढाच अर्थ घ्यावा. लाइट येण्याशी त्याचा संबंध जोडू नये. डॉक्टर 'ओके' म्हणतात तेव्हा पुढच्या पेशंटने आत यावं. पुण्याला कंपनीत असलेल्या पुतण्याला यात्रेला ये म्हटलं आणि तो 'ओके' म्हणाला, तर नैवेद्य एका माणसाचा कमी करावा. सुनेने सासूला फोनवर 'ओके' म्हटलं तर काम होणार नाही. दोनदा म्हटलं तर फोन ठेवल्यावर ती माहेरी बोलणार आहे. साहेबाने फाइलवर 'ओके' लिहिलं, तर भगवानरावांच्या अनुभवानुसार, शाई कोणती ते आधी पाहावं. शिसपेन असेल तर साहेबांना उद्या खोडायचं आहे. एकूण टक्केवारी काढली तेव्हा होकाराच्या बाजूने अडतीस टक्के, नकाराच्या बाजूने सेहेचाळीस आणि 'बघू'च्या बाजूने एकोणतीस टक्के भरले. बेरीज एकशे तेरा होते हे गहिनीनाथरावांनी निदर्शनास आणलं. काही लोकांची दोन-दोन मतं होती, असा खुलासा अध्यक्षांनी केला आणि तो मान्य झाला.

गहिनीनाथरावांना मात्र आतून चैन नव्हतं. हरिओम आताशा रोज दाढी करत होता. म्हशीची धार काढायला बसताना सदऱ्याच्या बाह्या नीट दुमडून घेत होता, जणू आष्टीकडून कुणी पाहायला येणार आहे. तो कधी काही बोलत नसे. एकोणीस नकार त्याने जेवणाच्या ताटावर ऐकले होते आणि ताट संपवलं होतं. त्याच्याकडे पाहिलं की गहिनीनाथराव समितीच्या कामाला अधिक जोराने लागायचे.

सहाव्या दिवशी असा ठराव झाला की, 'ओके'ला उत्तर न देणं हा उद्धटपणा होईल आणि शब्दात उत्तर देणं हा उतावळेपणा होईल. सबब फक्त अंगठा पाठवावा. अंगठा पिवळा असावा की गव्हाळ, यावर दीड तास गेला. पिवळा गेला. पलीकडून काही आलं नाही.

आणखी आठ दिवस केशरबाईंनी वाट पाहिली. मग एका सकाळी त्या भाकरी बांधून घेऊन, 'बहिणीकडं जाते' असं सांगून एसटीत बसल्या. बहीण आष्टीच्या वाटेवर राहते, त्यामुळे हे खोटं फार लांबचं नव्हतं. दिवेलागणीच्या आत त्या परत आल्या. समिती पारावर बसलेली होतीच. त्या पाराशी थांबल्या, आणि इतक्या माणसांपुढे नवऱ्याशी उभ्याने बोलण्याची त्यांची ती पहिलीच वेळ होती.

"गेलते त्येंच्या घरी," त्या म्हणाल्या.

सगळ्यात आधी गहिनीनाथरावांच्या मनात आलं ते हे, की आता तालुकाभर झालं.

"घाबरू नका. तिकडं बी पारावर पाच मानसं बसलीत. तुमच्या अंगठ्याचा अर्थ लावायलेत. त्येंच्यात एक पुन्याचा विंजिनियर हाय, म्हून त्येंना वेळ लागतोय."

भगवानरावांना आपल्या समितीत तांत्रिक सदस्य नाही याची प्रथमच खंत वाटली. "पन ओकेचं काय?" त्यांनी विचारलं.

"मुलीचा बाप म्हनला, कुनीतरी सांगितलं, मेसेज पाहिला की ओके टाकायचं आसतंय. म्हून टाकलं. म्हनला, मेसेज पोचला, एवडंच."

हा अर्थ एकेचाळीस जबाबांत कुठेही आलेला नव्हता. अमरसिंहाने तो पुरवणी यादीत घ्यावा असं सुचवलं. केशरबाई अजून उभ्याच होत्या.

"मंग मी पोरीलाच इचारलं. आत भांडी घासत व्हती. म्हनलं, बाई, तुला आमचा हरिओम पसंत हाय का? ती बघतच राहिली माज्याकडं. म्हनली, काकू, हे मला पैल्यांदाच कुनीतरी इचारलं."

"आन् मंग?" गहिनीनाथरावांचा आवाज बारीक झाला होता.

"मंग म्हनली, न्हाई. पोरगं वंगाळ न्हाई म्हनली, पन मला आता लगीन न्हाई करायचं. पोलीस भरतीची तयारी करती. रोज पहाटं माळावर पळती. म्हैन्याभरात तिचं ग्राउंड हाय. बापाला सांगितलं तर बाप म्हनला, आधी अंगठ्याचं बघू."

हरिओम दहा पावलांवर होता. तो जवळ आला. "नाव काय तिचं?" त्याने विचारलं. त्या सात मिनिटांत ते त्याच्यापुढेच सांगितलं गेलं होतं, पण त्या वेळी तो बशीतल्या पोह्यांकडे पाहत होता.

"सत्यशीला."

"बरं केलंस आई, इचारलंस ते," तो म्हणाला, आणि धारेची वेळ झाली होती म्हणून गोठ्याकडे गेला. त्याच्या चालण्यात गहिनीनाथरावांना फार काही दुःख दिसलं नाही, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

घरी जाताना केशरबाई दोन पावलं मागे चालत होत्या. "मला बी इचारलं न्हवतं कुनी," त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात, गावात अमक्याची गाय व्याली असं सांगावं तसं त्या बोलल्या. गहिनीनाथराव छत्तीस वर्षांपूर्वीचं आठवू लागले. बुंदी आठवली. बैलगाडीचं चाक ओढ्यात रुतलं ते आठवलं. पिवळा पटका, सासऱ्याची खोकल्याची उबळ, सगळं आठवलं. केशरबाईंचा चेहरा तेवढा आठवेना. विचारलं असतं तर ही काय म्हणाली असती, हे आता विचारावं असं त्यांना फार वाटलं, आणि उत्तराची भीतीही वाटली. त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळी पारावर गेले. बाप होते, आशा सुटत नव्हती. आणि पलीकडून आता एक नवा शब्द आलेला होता. समितीने काम ताबडतोब हाती घेतलं. 'न्हाई' या शब्दाचे, विशेषतः तो मुलीने उच्चारला असता, एकूण सात अर्थ निघतात असं तीन बैठकांत निष्पन्न झालं. त्यात लाज आहे, मान आहे, घरच्यांचं वळण आहे, 'आणखी एकदा विचारा' आहे, 'आईला विचारून सांगते' आहे, 'पळण्याची परीक्षा झाल्यावर बघू' आहे, आणि वय लहान असल्यास न कळणं आहे. नकार या अर्थाला एकही साक्षीदार पुढे आला नाही. केशरबाईंना बोलावणं गेलं नव्हतं. सबब सदर स्थळ 'ओके' समजावं आणि साखरपुड्याची तारीख काढावी, असा ठराव लिहून तयार झाला.

ठरावाखाली सूचक म्हणून भगवानरावांची सही आहे. अनुमोदकाची जागा मोकळी आहे. गावातला कुणीही चालला असता, पण समितीला बाहेरचा, निःपक्षपाती माणूस हवा होता. ज्याने प्रकरण पहिल्या ओळीपासून वाचलं आहे, त्या दोन अक्षरांचा अर्थ हो निघतो की नाही याची ज्याला इतका वेळ काळजी होती, आणि मुलीचं नाव काय, तिचं म्हणणं काय, हे ज्याने केशरबाई एसटीत बसेपर्यंत एकदाही विचारलं नाही, असा. शोध फार करावा लागला नाही. आपण इथवर आलाच आहात, तर सही करूनच जावं.